आधी पोट, मग भांडे : लेकीच्या शी-शूच्या सवयीच्या नोंदी

२ मे २०२४

लोकसभेच्या मतदानाची ड्यूटी २६ एप्रिलला आटोपली, शाळेचा निकाल लागला आणि आजपासून उन्हाळी सुट्टी सुरू झाली. लेकीला दोन वर्षे नुकतीच पूर्ण झाली आहेत. तिचे डायपर सोडवण्याचे काम याच सुट्टीत हाती घ्यायचे हे घरात आधीच ठरले होते. टाचण लिहिण्याची सवय असल्यामुळे या कामाच्याही नोंदी ठेवाव्यात, एवढी भर मी घातली. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आहे. लेकीची आई शेजारच्या गावच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका असल्यामुळे दिवसभर घरी मी आणि लेकीची आजी, असे दोघेच असतो. आजीचे मत पहिल्याच दिवशी नोंदवून ठेवतो : "कायले एवढं लिवून राहिला बाप्पा? तुमी काय वही पाहून शिकले होते का?"

उन्हाळा निवडण्यामागे अगदी साधी कारणे आहेत. मे महिन्यात भिजलेली चड्डी तारेवर टाकली की चहा होईपर्यंत वाळते. श्रावणात तीच चड्डी दोन दिवस ओलसर राहून वास मारते. पारा ४५ अंशांच्या घरात असताना मुलाला प्लॅस्टिकच्या थरात गुंडाळून ठेवणे हा त्याच्या कातडीवर अन्याय आहे, आणि लेकीच्या मांडीच्या सांध्यात उठलेली लाल पुरळ हा त्याचा पुरावा आहे. शिवाय खेड्यात वापरलेला डायपर टाकायचा कुठे, या प्रश्नाला उत्तर नाही. इथे रोजची घंटागाडी नाही. उकिरड्यावर टाकला तर कुत्री तो ओढत रस्त्यावर आणतात, पेटवला तर तो धड जळत नाही, नुसता धुपत राहतो, आणि संडासात टाकला तर शोषखड्ड्याकडे जाणारी वाट तुंबते.

मूल तयार आहे की नाही हे वयापेक्षा लक्षणांवरून ओळखावे, असे लेकीच्या आईचे म्हणणे आहे. साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान ही लक्षणे दिसू लागतात. चड्डी दीड-दोन तास कोरडी राहते, ओले झाल्याचे मुलाला कळते आणि खटकते, "इकडे ये, बस, ऊठ" एवढे सांगितलेले समजते, आणि स्वतःची चड्डी खाली ओढण्याची धडपड सुरू होते. आमच्या लेकीत यातले बरेच दिसते. चड्डी ओढणे मात्र तिला अजून जमत नाही, म्हणून सगळ्या चड्ड्यांची नाडी काढून सैल इलॅस्टिक घालून घेतले.

६ मे

आज जागेचा विचार केला. आमच्याकडे अंगणाच्या कोपऱ्यात संडास आहे. तो स्वच्छ भारत मिशनच्या १२,००० रुपयांच्या प्रोत्साहन अनुदानातून, थोडी पदरची भर घालून बांधलेला आहे. खेड्यातल्या संडासाचे भांडे शहरातल्यापेक्षा जास्त उताराचे असते, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात सगळे वाहून जावे. पाणी ओढून आणावे लागणाऱ्या घरासाठी ही रचना फार शहाणपणाची आहे. पण दोन वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून पाहिले तर तेच भांडे म्हणजे घसरणीच्या टोकाला असलेले काळे भोक आहे. पाय ठेवायच्या जागा एकमेकींपासून इतक्या लांब की तिचे पाय ताणले जातात, पत्र्याचे दार लावले की अंधार होतो, आणि वर पत्रा तापलेला. दार उघडे ठेवून मी तिला नुसते आत नेले, तर तिने माझ्या मानेला मिठी मारली ती बाहेर येईपर्यंत सोडली नाही. ही भीती वाजवी आहे. ती हट्ट म्हणून मोडून काढण्याचे काही कारण मला दिसत नाही.

म्हणून संडास पुढे ढकलला आहे. लघवीसाठी न्हाणी आणि शीसाठी आठवडी बाजारातून आणलेली प्लॅस्टिकची पॉटी, असे ठरले. पॉटी निवडताना एकच गोष्ट पाहिली, बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेपेक्षा जरा वर आले पाहिजेत. उकिडवे बसल्यावर गुदमार्गाजवळचा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते. पाय लोंबकळत ठेवून बसलेल्या मुलाला जोर करायला आधारच मिळत नाही. दुकानात संगीत वाजणारी, मोटारीच्या आकाराचीही एक पॉटी होती. ती घेतली असती तर लेक तिच्यावर दिवसभर बसली असती, पण खेळायला.

आजीने मात्र तिच्या पद्धतीने सुरुवात करून दिली. जमिनीवर पाय लांब करून बसायचे, पावलांमध्ये थोडे अंतर ठेवायचे, लेकराला आपल्याकडे तोंड करून दोन्ही नडग्यांवर बसवायचे, काखेत धरायचे आणि खाली जुना पेपर पसरायचा. लेक सहा महिन्यांची असल्यापासून आजी तिला सकाळी असे बसवत आली आहे. मधल्या काळात डायपर आले आणि ही सवय मागे पडली. आता दोन वर्षांच्या मुलीचे वजन आजीच्या गुडघ्यांना पेलत नाही, म्हणून पायांच्या जागी पॉटी ठेवली आणि आजी तशीच समोर, तोंडासमोर तोंड करून बसली. लेक काही न बोलता बसली. जे काम मी चित्रे दाखवून करणार होतो ते आजीच्या बसण्यानेच झाले.

१० मे

आज अक्षय तृतीया. घरात पाहुणे होते, तरी डायपर घातला नाही. माजघरातल्या सतरंजीवर शू झाली, ती पुसली. कोणी रागावले नाही आणि कोणी कौतुकही केले नाही. दोन्ही सारखेच टाळायचे आहे.

१७ मे

लघवीचे गणित बऱ्यापैकी बसले आहे. या वयात मूत्राशयात साधारण १२० मिलिलिटर लघवी मावते, म्हणजे चहाच्या लहान कपाएवढी. त्यामुळे मुलाने फार वेळ दम धरावा ही अपेक्षाच चुकीची आहे. उठल्यावर, जेवणानंतर, बाहेर जाण्याआधी आणि झोपण्याआधी न्हाणीत बसवायचे, या चार वेळा पक्क्या ठरल्या आहेत. मधल्या वेळात "शू आली का, शू आली का" असे विचारत राहणे आम्ही बंद केले, कारण या प्रश्नाला दोन वर्षांच्या मुलाचे उत्तर नेहमी "नाही" असेच असते, आणि ते देऊन झाल्यावर ते तिथेच करते. त्याऐवजी "चल, बादलीत पाणी टाकायचे आहे" असे म्हटले की ती आपणहून न्हाणीकडे धावते. शू झाल्यावर मगभर पाणी ओतण्याचा मान तिचा.

धुताना पुढून मागे धुवायचे, मागून पुढे कधीही नाही, हे मुलींच्या बाबतीत फार महत्त्वाचे आहे. शीचे जंतू लघवीच्या वाटेत गेले की संसर्ग होतो. लेकीच्या आईने हे मला दाखवून ठेवले आहे आणि आजीलाही सांगितले आहे.

उन्हाळ्याचा एक तोटाही याच आठवड्यात लक्षात आला. पाणी घामावाटे निघून जाते, लघवी थोडी आणि गडद पिवळी होते, आणि आजीचा हिशेब असा की पाणी कमी दिले तर चड्ड्या कमी भिजतील. यावर लेकीच्या आईने घरात जवळजवळ हुकूम काढला. पाणी, ताक, लिंबाचे सरबत काहीही कमी करायचे नाही, कारण कोंडलेल्या गडद लघवीने आग होते, आग झाली की मूल लघवी धरून ठेवते, आणि पाण्याअभावी शीही घट्ट होते.

२५ मे

काल यवतमाळला नात्यातले लग्न होते. दारव्ह्याहून यवतमाळ तासाभराचा एसटीचा रस्ता आहे. डायपर घालायचा की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. प्रवासापुरता घातला तर काय बिघडले, असे बहुतेकांचे मत होते. माझे मत वेगळे होते आणि अजूनही आहे. मुलाला एकदा कपड्यात करण्याची सोय दिली आणि दुसऱ्या दिवशी ती काढून घेतली, तर त्याने नियम समजायचा तरी कसा? शेवटी डायपर घरीच ठेवला आणि पॉटीच एका झोळ्यात घालून सोबत नेली. झोळ्यात जादा चड्ड्या, ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची थैली, जुना टॉवेल, साबणाचा तुकडा आणि धुण्यासाठी पाण्याची वेगळी बाटली. पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याने धुवायची वेळ आली की मूल पुढचा सगळा वेळ तहानलेले राहते.

बस सुटण्याआधी स्थानकावरच तिला बसवले. पाच वर्षांखालील मुलांना एसटीत तिकीट नाही, म्हणजे लेक माझ्या मांडीवर. तिची चुळबुळ मला लगेच कळते हा त्याचा फायदा. स्थानकावरच्या स्वच्छतागृहात मात्र बापलेकीची पंचाईत होते. पुरुषांच्या बाजूला नुसत्या उभ्याने लघवी करायच्या जागा, खाली ओल, नळाला पाणी नाही; बायकांच्या बाजूला मी जाऊ शकत नाही, आणि लहान मुलीला परक्या बाईच्या हाती देणे मला पटत नाही. घेऊन येणारी बाईच असणार, हे धरूनच या जागा बांधलेल्या आहेत. सुदैवाने काल तिची आई सोबत होती.

मंगल कार्यालयातल्या स्वच्छतागृहात सकाळपासून पाण्याचा तुटवडा होता आणि दुपारपर्यंत तिथे पाय ठेवण्याची सोय राहिली नाही. पॉटी तिथेच कामी आली. जानोशाच्या खोलीत कोपऱ्यात ठेवून तिला बसवले, शू झाली, ती बाहेरच्या मोरीत ओतून भांडे विसळले. नवरदेवाकडच्या मंडळींनी वळून पाहिले, आजीला थोडा संकोच झाला, पण थोड्याच वेळात दुसऱ्या एका लेकराची आई तीच पॉटी मागायला आली.

लग्नातल्या दिवसभरात लेकीने शी केली नाही. बुंदी, मठ्ठा, पुन्हा बुंदी, आइस्क्रीम आणि गर्दीच्या नादात पाणी अगदी थोडे. परतीच्या बसमध्ये ती झोपली.

३० मे

ही नोंद सविस्तर लिहितो, कारण या सगळ्या कामाचे मर्म मला आता इथे दिसते आहे.

लग्नाहून आल्यानंतर तिसऱ्या दिवशी शी झाली ती मोठी, कोरडी आणि दगडासारखी कडक. लेक किंचाळली. पुसलेल्या कापडावर रक्ताची बारीक रेघ होती. गुदद्वाराजवळची कातडी चिरली होती. त्या दिवसापासून ती पॉटीकडे बघायलाही तयार नाही. लघवीला न्हाणीत नेमाने जाते, पण शी आली की धान्याच्या कोठीमागे जाऊन उभी राहते. आज मी तिला जवळून पाहिले. टाचा उचललेल्या, पाय एकमेकांत घट्ट आवळलेले, एका हाताने कोठीची कड धरलेली, चेहरा लालबुंद, कपाळावर घाम. आजी म्हणाली, "जोर करून राहिली बिचारी." पाहणाऱ्याला तसेच वाटते. लेकीच्या आईने संध्याकाळी आल्यावर सांगितले की हा जोर बाहेर ढकलण्याचा नाही, आत धरून ठेवण्याचा आहे. शी करायची असेल तर मूल बसते. टाचा उचलून पाय आवळते ते थांबवण्यासाठी.

एकदा दुखले म्हणून मूल धरून ठेवते. धरून ठेवले की मोठे आतडे त्यातले पाणी शोषून घेत राहते. शी आणखी कडक होते. पुढच्या वेळी आणखी दुखते. हे चक्र चालू असताना "बस, बस" म्हणून मागे लागणे म्हणजे त्या चक्राला हातभार लावणे. पॉटीवर बसण्याचा आग्रह आम्ही आजपासून पूर्ण थांबवला आहे. तिला हवे असल्यास शीसाठी डायपर मागण्याचीही मुभा दिली आहे. प्रवासाच्या वेळी मी धरलेला नियम इथे लागू नाही, कारण तिथे प्रश्न सोयीचा होता आणि इथे दुखण्याचा आहे.

शेजारच्या काकूंनी विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून लावण्याचा उपाय सुचवला. साबणाची कांडी हा दुसरा. दोन्हींना लेकीच्या आईने नम्रपणे पण ठाम नकार दिला. जिथे आधीच चिरले आहे तिथे काही घालणे म्हणजे मुलाची भीती पक्की करणे, आणि साबणाने आतली कातडी जळते.

३ जून

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी तिला झोपवून पोट चाचपले आणि खाली डाव्या बाजूला माझाही हात ठेवून दाखवला. तिथे खडे साठल्यासारखे कडक लागत होते. लॅक्टुलोजचे सिरप वजनाप्रमाणे दिले आहे. हे औषध आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ करते. चार दिवसांत मऊ झाली म्हणून औषध बंद करायचे नाही, हे त्यांनी दोनदा बजावले. ताणलेल्या आतड्याला मूळ आकारावर यायला आणि मुलाच्या मनातून दुखणे जायला वेळ लागतो, म्हणून असे उपचार निदान दोन महिने चालवतात आणि नंतर हळूहळू कमी करतात.

खाण्यातही बदल केला. लेक दिवसभरात दूधच पिऊन राहत होती, आणि दुधाने पोट भरलेले मूल भाकरीकडे बघत नाही. दूध आता अर्ध्या लिटरच्या आत आणि तेही जेवणानंतर. सकाळी भिजवलेल्या मनुका, दुपारी ज्वारीची भाकर वरणात कुस्करून, संध्याकाळी पपई. बिस्किटे आणि दुकानातले कुरकुरे यांची घरातली आवक बंद. आजीने त्यात अंबाडीच्या भाजीची भर घातली आहे. लेकीला तिचा आंबटपणा आवडतो.

९ जून

चड्डीला दिवसभर पातळ डाग लागत आहेत. शेजारी म्हणाले की जुलाब लागले, औषध थांबवा. लेकीच्या आईने पुन्हा पोट चाचपले; खालचा कडक गोळा अजून तिथेच होता. आत अडकलेल्या कडक शीच्या कडेने पातळ शी पाझरते आणि ती मुलाला कळतही नाही. हे जुलाब नाहीत, उलट बद्धकोष्ठाचेच लक्षण आहे, आणि अशा वेळी जुलाब थांबवण्याचे औषध दिले तर सगळेच उलटे होते. सिरप चालू ठेवले. चड्डी खराब केली म्हणून तिला कोणी काही बोलायचे नाही, हे घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही सांगितले आहे.

२२ जून

शी मऊ झाली आहे. कोठीमागे उभे राहणे कमी झाले. पॉटी आम्ही त्याच कोठीजवळ नेऊन ठेवली, कारण लपण्याची जागा तिने निवडलेली आहे, तर भांड्यानेच तिकडे जावे. सुरुवातीला ती चड्डी घालूनच तिच्यावर बसली. मग आजी समोर येऊन बसली आणि दोघींची चिऊ-काऊची गोष्ट सुरू झाली.

वेळ ठरवली ती सकाळच्या न्याहारीनंतरची. पोटात अन्न गेले की मोठे आतडे आपोआप हालचाल करू लागते, ही शरीराचीच सोय आहे; न्याहारीनंतर पंधरा-वीस मिनिटांनी पाचेक मिनिटे बसवायचे, झाले तर झाले, नाही तर उठवायचे. काल झाले. आजीला इतका आनंद झाला की तिने शेजारणीला हाक मारून दाखवायला बोलावले, आणि मला मध्ये पडावे लागले.

आता शी टाकण्याबद्दल. आमच्या गावात, आणि मी पाहिलेल्या आसपासच्या गावांत, लहान लेकराच्या शीला कोणी शी मानत नाही. ती राखेत गुंडाळून उकिरड्यावर जाते किंवा मोरीतून नालीत. दूध पिणाऱ्या लेकराचे काय घाण, असा समज आहे. प्रत्यक्षात लहान मुलांच्या शीत रोगजंतू आणि जंतांची अंडी मोठ्या माणसांच्या शीपेक्षा कमी नसतात, आणि तीच मुले अंगणातल्या मातीत हात घालून ते तोंडात घालतात. गाव कागदोपत्री हागणदारीमुक्त झाले, पण लेकरांची शी मात्र नालीतच राहिली. आमच्याकडे पॉटीतले सगळे संडासात जाते, विसळलेले पाणीही तिथेच ओतले जाते, पॉटी राख-साबणाने घासून उन्हात ठेवली जाते, आणि त्यानंतर मोठ्यांचे आणि लेकीचे हात साबणाने धुतले जातात. भांडे घेऊन संडासापर्यंत ती माझ्यासोबत येते आणि वाहून जाताना पाहते. संडासाची भीती त्यामुळे हळूहळू कमी होते आहे. काल तिने दारातूनच भोकाला "टाटा" केले.

१ जुलै

विदर्भातल्या शाळा आज उघडल्या. दिवसाचे काम आजीकडे सोपवले. लेखी सूचना निरुपयोगी असल्याने तोंडीच तीन गोष्टी ठरल्या : न्याहारीनंतर बसवायचे, पाणी कमी करायचे नाही, रागवायचे नाही. तिसरीवर आजी हसली : "मी कवा रागावतो?" वऱ्हाडी बाई स्वतःबद्दल "मी जातो, मी करतो" म्हणते, आणि लेकही आता "मी शू करतो" म्हणू लागली आहे.

मी शाळेत गेल्यामुळे लेक बिथरली. कोरडे दिवस गेले आणि पुन्हा चड्ड्या भिजू लागल्या. घरातली कोणतीही मोठी उलथापालथ मुले अशीच दाखवतात, तेव्हा याची वेगळी दखल घेतली नाही. पावसाची अडचण खरी आहे. चड्ड्या वाळत नाहीत, म्हणून चुलीच्या वरच्या दांडीवर ओळीने टांगल्या आहेत.

२१ जुलै

पहिल्या पुराच्या गढूळ पाण्यानंतर गावात जुलाबाची साथ आली. लेकीलाही लागले, आणि या वेळी ते खरेच जुलाब होते : पाण्यासारखे, वारंवार, पोट मऊ. सिरप लगेच बंद. क्षारसंजीवनीचे एक पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, चमच्याचमच्याने. आणि जस्ताची २० मिलिग्रॅमची गोळी चौदा दिवस. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण करायच्या असतात, आणि बहुतेक घरांत त्या तिसऱ्या दिवशी फळीवर पडून राहतात, असा लेकीच्या आईचा अनुभव आहे. पॉटी वगैरे सगळे बाजूला. कापडी लंगोट काढले.

१८ ऑगस्ट

जुलाबानंतर सिरप अर्ध्या मात्रेवर पुन्हा सुरू केले होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आता ते एक दिवसाआड आहे. जंतनाशकाची गोळीही झाली. दोन वर्षांपुढच्या मुलाला ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी असते, ती चुरून पाण्यात कालवून दिली. शी रोज, पॉटीवर, न्याहारीनंतर. लिहिण्यासारखे एवढेच.

गावातल्या सुताराकडून संडासासाठी फळी करून घेतली. भांड्यावर आडवी बसते, मध्ये लहान मुलाच्या मापाची खाच, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला जागा, आणि खाली घसरू नये म्हणून रबराच्या पट्ट्या. तिच्यावर लेकीचे पाय ताणले जात नाहीत आणि भोकही लहान दिसते. सुताराला आधी वाटले की हा लाकडी बैलाचा चौरंग आहे. पोळा जवळ आलेला होता.

३ सप्टेंबर

काल पोळा, आज तान्हा पोळा. लेकीचा लाकडी बैल चाकांचा, झूल घातलेला, शिंगांना बेगड. मारुतीच्या पारासमोर सगळ्या लेकरांची रांग लागली आणि बक्षिसाची घोषणा होण्याच्या बेतात असताना लेकीने माझा सदरा ओढला आणि स्पष्ट म्हणाली, "बाबा, शी." घरापासून आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला होतो. खेड्यात एक सोय आहे, कोणाच्याही घरी जाऊन सांगता येते. पाराजवळच्या पहिल्या घरी गेलो, तर त्यांच्या संडासात कुटाराची पोती रचलेली होती. दुसऱ्या घरी आत गोवऱ्या होत्या, पण भांड्यापुरती जागा मोकळी होती. फळी नव्हती. मी उकिडवा बसून तिला दोन्ही मांड्यांखाली धरून भांड्यावर अधांतरी धरले. तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि केले. घरच्या बाईने न मागता बादलीभर पाणी आणून दिले. परत आलो तोवर बक्षिसे वाटून झाली होती. बैलाला खाऊ मात्र मिळाला.

परक्या जागी, फळीशिवाय, पॉटीशिवाय तिने केले, याचे श्रेय मी शिकवणुकीला देत नाही. शी मऊ होती म्हणून दुखले नाही, आणि दुखणार नाही याची तिला खात्री होती म्हणून तिने सांगितले. जून महिन्यात तीच मुलगी कोठीमागे टाचा उचलून उभी राहिली असती.

२७ ऑक्टोबर

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आहेत आणि कापूस वेचणीला आला आहे. लेक आजीसोबत वावरात येते. वावरात संडास नाही, तेव्हा तिथला नियम वेगळा केला आहे : विहिरीपासून लांब, धुऱ्याच्या कडेला विळ्याने वीतभर खड्डा, त्यात शी, वरून माती. वेचणाऱ्या बायकांना या खड्ड्याची गंमत वाटली. एकीने विचारले की लेकराच्या शीले एवढा मान कायले, आणि आजीनेच जंतांच्या अंड्यांबद्दल जे सांगितले ते लेकीच्या आईच्या तोंडचे शब्द न् शब्द होते. सिरप बंद होऊन बरेच दिवस झाले आहेत. पऱ्हाटीच्या ओळीत चड्डी खाली करून कुठेही बसण्याची सवय लागू नये यावर मात्र लक्ष ठेवावे लागते. शाळेच्या व्हरांड्यात तिने एकदा तसे केले.

रात्रीचा विषय अजून उरला आहे. दिवसा कोरडी राहणारी मुलगी रात्री ओली करते आणि याबद्दल आजीला काळजी आहे. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून शरीरात एक संप्रेरक वाढावे लागते, आणि ते कधी वाढेल हे शिकवून ठरत नाही. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे आजार मानला जात नाही. मध्यरात्री उठवून न्हाणीत नेण्याची सूचना लेकीच्या आईने नामंजूर केली, कारण झोपेत केलेली शू ही झोपेत केलेलीच राहते, आणि झोपमोड झालेले मूल दुसऱ्या दिवशी किरकिरते. थंडीत घाम कमी आणि लघवी जास्त, त्यामुळे रात्रीचा डायपर सोडण्याचा विषय संक्रांतीनंतर काढायचे ठरले आहे. तोपर्यंत गोधडीखाली मेणकापड राहील, आणि या वहीत लिहिण्यासारखे काही नाही.